एम एम म्हणजे मॅक्झिमम

माणूस मोठा कधी होतो, याबद्दल आमच्या घरात दोन मतं होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे मिशी फुटली की. आई म्हणायची लग्न झालं की. या प्रकरणात सांगायची गोष्ट घडली तेव्हा मला मिशी होती, बायको होती, दारावर ‘संगणक प्रशिक्षण वर्ग’ अशी पाटी होती आणि कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते. तरी मी मोठा झालो नव्हतो. त्यामुळे वाढत्या वयाच्या आठवणींत हे प्रकरण घालताना मला संकोच वाटत नाही. संकोच आहे तो गोष्टीचाच. मागची सगळी प्रकरणं, खरं सांगायचं तर, हे एक लिहायला लागू नये म्हणून लिहिली.

आमचं घर पेठेत, बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत चार कंप्युटर, मधल्या खोलीत आप्पा, मागं स्वयंपाकघर आणि त्यामागं चार पावलांचं परसू. पुढच्या खोलीतून दिवसभर स्टॅबिलायझरची टकटक यायची आणि मधल्या खोलीतून आप्पांच्या अडकित्त्याची. आम्ही जैन, तेव्हा रात्रीचं जेवण हा प्रकारच घरात नव्हता. दिवस मावळायच्या आत ताटं व्हायची. सरोज, माझी बायको, मधल्या दारात येऊन ‘चला’ एवढंच म्हणायची आणि जगातला कुठलाही बिघाड त्या एका शब्दापुढं थांबायचा. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. खपली गव्हाची खीर असली की आप्पा न बोलता दोन वाट्या घ्यायचे आणि तिसरीच्या वेळी ‘नको’ म्हणून वाटी पुढं करायचे. मावळल्यावर ते पाण्याचा घोटही घेत नसत. मीही घेत नसे. सूर्यास्तानंतर पाणी न पिणारा माणूस खोटं मात्र कुठल्याही वेळी गिळू शकतो, हे मला त्या वर्षी कळलं.

मी लिनक्सवाला होतो. लिनक्स म्हणजे कंप्युटर चालवायची एक प्रणाली, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेली, फुकट मिळणारी. गल्लीतले बाकी सगळे विंडोज वापरायचे आणि त्यांचं सगळं नीट चालायचं. आमचं चालायचं नाही, आणि त्याचाच मला अभिमान होता. ‘विंडोज म्हणजे भाड्याची खोली, लिनक्स म्हणजे स्वतःचं घर,’ असं मी वर्गात खडू हातात घेऊन सांगायचो. स्वतःच्या घरात पावसाळ्यात कौलं कोण शाकारतो, हे सांगायचो नाही. एखादी गोष्ट बिघडली की मला आतून आनंद व्हायचा. दुरुस्त करता येईल म्हणून नव्हे. दुरुस्त करतोय असं दिसता येईल म्हणून.

वर्ग सुरू केला तेव्हा घराची सगळी वायरिंग गणपा वायरमननं नव्यानं केली होती. गणपा मूळचा मुरगूडचा, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, तरी आमच्या घरात सगळे त्याला अरे-तुरेच करायचे. मीही करायचो. कंप्युटरला चांगलं अर्थिंग पाहिजे, म्हणून त्यानं परसात पुरुषभर खड्डा काढून त्यात तांब्याची पट्टी सोडली, मीठ आणि कोळशाचे थर दिले, वर लाकडी झाकण ठेवलं आणि सरोजला बोलावून सांगितलं, ‘वैनी, हितं रोज तांब्याभर पानी घालायचं. जमीन वली ऱ्हायली की अर्थिंग जित्तं ऱ्हातंय. वाळली की मेलं.’ तेव्हापासून सरोज सकाळी तुळशीला एक आणि अर्थिंगला एक असे दोन तांबे घालायला लागली. मी हसलो होतो. म्हणालो होतो, ‘हळदकुंकूही वाहा.’

आप्पांना पंच्याहत्तरावं लागलं तेव्हा घरगुती कार्यक्रम ठरला. कागलची आत्या, आप्पांची थोरली बहीण, अंथरुणाला खिळलेली. तिला येता येणार नव्हतं. मी जाऊन टेपवर तिचा आवाज भरून आणला. ती लहानपणच्या नावानं आप्पांना हाक मारते, मग दोन मिनिटं काहीबाही बोलते, मग खोकते, मग हसते. ते आप्पांनी सगळ्यांसमोर ऐकायचं, असा बेत. आप्पांना एवढंच ठाऊक होतं की बहिणीचं काहीतरी ऐकायला मिळणार आहे. त्यांनी आठ दिवस आधी कान साफ करून घेतले.

‘टेप हाय की घरात. टेपवरच लावा,’ सरोज म्हणाली.

मला हसू आलं. एवढे कंप्युटर असताना टेप? मी एका मित्राच्या विंडोजवर तो आवाज सीडीत भरून घेतला, कॅसेट त्याच्याकडंच सोडली, याची कुठंही वाच्यता केली नाही, आणि आमच्या लिनक्सवर लावायला बसलो. आवाज येईना.

ध्वनीसाठी कंप्युटरात एक कार्ड असतं आणि ते कार्ड चालवायला ड्रायव्हर नावाची आज्ञावली लागते. मी पहिल्या दिवशी जाहीर केलं, ‘ड्रायव्हर मिळत नाहीये.’ आप्पा अडकित्ता थांबवून म्हणाले, ‘गळीत हंगाम चालू हाय. आत्ता कुठला ड्रायव्हर मिळतोय? दिवाळीआधी बघायचा हुतास.’ दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर मिळाला. कार्डाचं नाव पडद्यावर नीट दिसायला लागलं, कुठलीही चूक दाखवेना, फक्त आवाज नाही. शहाण्या माणसानं इथं थांबून साधी गोष्ट तपासली असती. मी कर्नल नव्यानं बांधायला घेतला. कर्नल म्हणजे या प्रणालीचा गाभा. तो बांधायला तेव्हाच्या यंत्रावर अख्खा दिवस जायचा. पडद्यावरून इंग्रजी ओळी धो धो पळत होत्या आणि मी हाताची घडी घालून त्यांच्याकडं बघत होतो, जणू मीच त्या पळवतोय. आप्पा दारात आले.

‘काय करालायस?’

‘कर्नल बांधतोय.’

‘बांधतोयस? कुठल्या रेजिमेंटचा?’ आणि आत वळून, ‘सरोज, हा आता मिल्ट्रीच्या वाटेला जातोय. ह्याला जेवायला घाल.’

कर्नल बांधून झाला. आवाज नाही. कार्ड या खाचेतून त्या खाचेत बसवलं. आवाज नाही. चार दिवसांत तीन वेळा सगळं पुसून पुन्हा भरलं. प्रत्येक वेळी शेवटी मी मिक्सर नावाचा एक छोटा पडदा उघडायचो. त्यात आवाजाचे उभे खांब दिसायचे, खाली-वर करता येणारे, आणि प्रत्येक खांबाच्या बुडाशी दोन अक्षरं. कुठं दोन गोल, म्हणजे ओओ. कुठं दोन एम. आता लक्ष देऊन वाचा, कारण माझी सगळी विद्वत्ता या जागी आहे. गोल म्हणजे शून्य, असं मी ठरवलं. शून्य-शून्य म्हणजे आवाज नाही. आणि एम एम म्हणजे मॅक्झिमम. एम दाबला की गोलाचा एम व्हायचा, हे मी स्वतः शोधून काढलं होतं आणि या शोधाची वहीत नोंदही केली होती. म्हणून दर वेळी, सगळं नव्यानं बसवलं की, मी पहिलं काम हे करायचो: डावीकडून उजवीकडं जात जिथं जिथं गोल दिसेल तिथं तिथं एम करायचो. सगळीकडं मॅक्झिमम करून, स्पीकरला कान लावून बसायचो.

कार्यक्रमाच्या दिवशी पुढची खोली भरली. भावकी आली, पेठेतली मंडळी आली, बस्तीच्या कमिटीचे अध्यक्ष आले. गणपालाही बोलावलं होतं. तो दाराशी जोड्यांजवळ बसला होता. मला खरंच वाटत होतं की वेळेवर काहीतरी होईल. अशी आशा मी वर्गातल्या मुलांना परीक्षेत करू देत नसे. आप्पा नव्या धोतरात खुर्चीवर बसले, मान एका बाजूला करून, चांगला कान स्पीकरकडं देऊन. मी कळ दाबली. पडद्यावर सेकंद सरकायला लागले. एक, दोन, पंधरा, तीस. खोलीत पंखा ऐकू येत होता. आप्पा मान तशीच धरून होते. पूर्ण दोन मिनिटं ते तसे बसून होते.

मग अध्यक्ष म्हणाले, ‘काय झालं मास्तर?’

आणि मी म्हणालो, ‘कार्ड जळलंय. अर्थिंग खराब आहे.’

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. ते तोंडातून आलं आणि आल्या आल्या खरं वाटायला लागलं. सगळ्या माना दाराकडं वळल्या. गणपा उठला. ‘तसं हुनार न्हाय. बगू की लावून,’ म्हणाला आणि सायकलीच्या पिशवीतून होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब घेऊन आला. एक वायर फेजला लावली, दुसरी अर्थला. बल्ब लख्ख लागला. एवढा लख्ख, की पुढं बसलेल्या बायकांनी डोळ्यांवर हात घेतले.

‘बगा,’ गणपा म्हणाला, ‘अर्थ चांगला हाय.’

‘बल्बचं वेगळं असतं,’ मी म्हणालो, ‘कंप्युटरचं वेगळं.’

गणपानं माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. कंप्युटर या शब्दापुढं तेव्हा कुणाचंच काही चालत नसे. त्यानं वायरी गुंडाळल्या. जेवायला थांबला नाही. आप्पांनी मान सरळ केली आणि ‘चला, ताटं घ्या,’ म्हणाले. त्या दिवशी खीर होती. त्यांनी एकच वाटी घेतली.

दोन दिवसांनी सरोज वर्गातली धूळ झटकत होती. तो खांबांचा पडदा उघडाच होता. तिचं फडकं कळफलकावरून गेलं आणि पडद्यावर एक चौकट उघडली, मदतीची. ती चौकट मी कधी उघडली नव्हती. मदत ज्यांना लागते त्यांच्यासाठी असते. सरोजनं फडकं खांद्यावर टाकून एकेक ओळ मोठ्यानं वाचली. तिसऱ्या-चौथ्या ओळीला थांबली.

‘एम, म्यूट. म्यूट म्हंजे मुकं की हो.’

मी पडद्याशी वाकून ती ओळ स्वतः वाचली.

‘तुम्ही चार दिवस त्याला मुकं करून कान लावून बसलायसा व्हय?’

तिनंच एम दाबला, एकदा या खांबावर, एकदा त्या. आत सीडी होतीच, सकाळपासून फिरत. आत्याचा आवाज घरभर दणाणला, खरोखरच मॅक्झिमम, आणि मधल्या खोलीत अडकित्ता खाली पडला. आप्पा अनवाणी धावत आले. बहिणीनं मारलेली हाक त्यांनी उभ्यानं ऐकली, मग खोकला, मग हसणं. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा लावलं. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, ‘कसं काय झालं रे चालू?’

त्या क्षणी मला खरं बोलायला मोजून सहा शब्द पुरले असते. मी म्हणालो, ‘नवीन कार्ड घातलं.’

सरोज बघत होती. तिनं खांद्यावरचं फडकं काढलं, तांब्या भरला आणि परसात गेली. सकाळचं पाणी घालून झालेलं होतं. तिनं पुन्हा घातलं.

पुढच्याच आठवड्यात बस्तीच्या नव्या सभागृहाच्या वायरिंगची बैठक होती. काम मोठं होतं, वर्षभराचं, आणि ते गणपाला मिळणार हे जवळजवळ ठरलेलं. तंत्रज्ञ म्हणून मला बोलावलं होतं. गणपाचं नाव निघालं तसे अध्यक्ष माझ्याकडं वळून म्हणाले, ‘त्याच्याच अर्थिंगनं तुमचं जळलं न्हवं का? नवीन कार्ड घालावं लागलं म्हणे.’ मी समोरच्या ताटलीतला एक शेंगदाणा उचलला, त्याचं साल काढलं आणि तो चावला. खोटं बोललो नाही. काहीच बोललो नाही. काम पेठ वडगावच्या एका माणसाला गेलं. आजही पावसाळ्यात त्या सभागृहाच्या नळाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात. मंडळी म्हणतात, इथलं पाणी जरा कडक आहे.

त्यानंतर पेठेत गणपाला कुणी बोलावेना. ‘चांगला हाय, पण कंप्युटरवाल्याच्या घरात त्यानं घोळ केला,’ एवढं वाक्य पुरायचं. वर्ष-दीड वर्षानं तो मुरगूडला परत गेल्याचं ऐकलं, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायला. सरोजनं मला एकदाच विचारलं, ‘सांगणार हाईसा का न्हाई?’ मी म्हणालो, योग्य वेळी. ती रोज पाणी घालत राहिली, मी जेवत असलो की मुद्दाम माझ्या पाठीमागून तांब्या वाजवत. पुढं मी परसात गुळगुळीत फरशी घालून घेतली. तिला सांगितलं, घसरायला होतं म्हणून.

आमच्यात दशलक्षण पर्व संपलं की सगळ्यांची क्षमा मागतात. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. मी दर वर्षी मागत आलो. आधी छापील कार्डं पाठवायचो, आता मोबाईलवर कमळाचं चित्र पाठवतो. ज्यांचं मी काहीही वाईट केलेलं नाही अशा शेकडो लोकांची मी माफी मागितली आहे. त्यांनीही मला उदार मनानं माफ केलं आहे. अशा घाऊक माफीची एक सोय असते: त्यात नाव घालावं लागत नाही.

गेल्या वर्षी मी जुन्या सवयीनं एका लॅपटॉपवर लिनक्स चढवलं. आवाज आला नाही. तोच पडदा उघडला, तेच खांब, आणि पहिल्याच्या बुडाशी दोन एम. इतक्या वर्षांत त्यांनी काहीच बदललेलं नाही. सरोज मागं उभी होती. ती काही बोलली नाही, पण मला आता तिचं न बोलणंही मोठ्यानं ऐकू येतं. क्षमेच्या दिवशी, कमळाचं चित्र न पाठवता, मी मुरगूडची एसटी पकडली.

घर सापडलं. दारात सून शेंगा फोडत होती. आत बाजेवर एक म्हातारा बसला होता, कानांवर लोकरीची टोपी ओढलेली. मी तयारी करून गेलो होतो. हळू आवाजात, शांतपणे, दोघांतच बोलायचं.

‘गणपतराव,’ मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा. ‘मी माफी मागायला आलोय.’

‘ऐकू येत न्हाय त्यास्नी,’ सून म्हणाली. ‘मोठ्यानं बोला पावणं.’

‘माफी!’

‘कापी?’ गणपतराव म्हणाले. ‘कापी न्हाय घरात. च्या हाय. च्या ठेव गं.’

‘माफी! माफी मागायची आहे! तुमचं अर्थिंग चांगलं होतं!’

समोरच्या घरातल्या दोघी उंबऱ्यावर आल्या. दूधवाल्यानं गाडी बंद केली, ऐकायला बरं पडावं म्हणून. मी ओरडत होतो: कार्ड, मिक्सर, एम एम, कर्नल, बैठक. जितकं जास्त समजावत होतो तितका माझा अपराध मला थोडा तांत्रिक आणि बराचसा क्षम्य वाटायला लागला होता. शेवटी सून उठली, सासऱ्याच्या कानाशी वाकली आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, ‘मामंजी, ह्ये म्हंत्यात कायबी जळलं न्हवतं! ह्येंनीच बटन चुकीचं दाबल्यालं, आनि नाव तुमचं घेतलं!’

एवढंच होतं ते. मी इथं इतकी पानं घेतली.

गणपतरावांनी कानांवरची टोपी वर सरकवली. मग म्हणाले, ‘मला म्हाईत हुतं की. बल्ब लागला हुता.’

चहा आला. दिवस अजून वर होता, तेव्हा घ्यायला हरकत नव्हती. त्यांनी बशीत ओतून सावकाश चहा संपवला, मिशी पुसली आणि एकदम काम आठवल्यासारखं विचारलं, ‘वैनी पानी घालत्यात न्हवं अजून?’

‘फरशी घातली,’ मी म्हणालो.

‘आँ?’

‘फरशी घातली! अर्थिंगवर! मी!’

गणपतरावांनी बशी खाली ठेवली.

‘मग आता खरंच बिगाडलं असंल,’ ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. वायरमन जसं सांगतो तसं सांगितलं.

मी घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला घटकाभर वेळ होता. सरोज मधल्या दारात येऊन ‘चला’ म्हणाली. मी जेवायला बसलो नाही. माळ्यावरून छिन्नी-हातोडा काढला आणि परसात गेलो. या वयात गुडघे टेकून फरशी फोडणं हा काही पाहण्यासारखा देखावा नाही. फरशी चौथ्या घावाला फुटली. लाकडी झाकणाचा भुगा झाला होता, कोळसा हाताला कोरडा लागला, राखेसारखा. सरोज तांब्या भरून घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. मी ओतला. जमिनीनं ते पाणी कुठं घेतलं कळलंसुद्धा नाही. दुसरा ओतला, तिसरा ओतला. वर ओल दिसेना. मी हात टेकून उठायला लागलो.

‘अजून,’ सरोज म्हणाली.